अंगठ्याला बांधलेलं नाव

"ही आमची नवीन प्रजाती. माझ्याच लॅबमध्ये सापडली."

अनघाताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हे सांगितलं आणि सगळे हसले. सिडनीत, केलीव्हिलच्या त्यांच्या घरामागे मोठं लाकडी डेक आहे. तिथे शनिवारी दुपारी जमलेली दहा-बारा माणसं, सगळी मराठी. हातात सोलकढीचे ग्लास. बार्बेक्यूवर एका बाजूला पनीर, दुसऱ्या बाजूला चिकन, मधे फॉइलची घडी घालून केलेली भिंत. मीही हसले. चांगले दात काढून हसले.

"म्हणजे काय गं?" कुणीतरी विचारलं.

मग ताईंनी समजावलं. समुद्राच्या तळातून एक समुद्री कोळी मिळालाय, जगात कुणी आजवर पाहिलेला नाही, आणि त्याला आम्ही हिचं आडनाव देणार आहोत. कायमचं. टाळ्या वाजल्या. एक बाई म्हणाल्या, "छानच, पण कोळ्याला? मला नसतं बाई चाललं." पुन्हा हशा.

एक गृहस्थ होते, बँकेत आयटीत. ते खुर्ची ओढून जवळ आले.

"आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"मूळचं हेच, की बदललेलं?"

आमच्या आजोबांनी आडनाव बदललं होतं. गावाच्या नावाला 'कर' लावून घेतला होता. असं आडनाव असलं की समोरचा जरा गोंधळतो, पण फार वेळ नाही. विचारायचे पुढचे प्रश्न त्याला घरूनच शिकवलेले असतात.

"हेच," मी म्हणाले.

"गाव कुठलं? गावात घर कुठल्या अंगाला?"

सिडनीत उभा राहून माणूस मला विचारत होता, माझं घर गावाच्या कुठल्या अंगाला आहे. मी काही बोलायच्या आत अनघाताईंनीच उत्तर दिलं. अगदी लाडाने.

"अहो, हिचे वडील सिव्हिल हॉस्पिटलला मढ्यांच्या खोलीत होते. म्हणून तर ही इतकं छान काम करते. फॉर्मलिनचा वास हिला बाधतच नाही. लहानपणापासूनची सवय."

मघाशी मला आग्रहाने भात वाढायला निघालेल्या बाईंनी डाव भांड्यात ठेवला. "तू घे हं तुझ्या हाताने," म्हणाल्या, आणि दुसरीकडे वळल्या. मी घेतला. खाल्ला पण. काय चव होती ते आठवत नाही.

आता ही अनघाताई कोण आणि मी कोण, ते सांगते.

मी सोलापूरकडची. इथे मास्टर्स करायला आले, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, आणि एका संग्रहालयाच्या समुद्री प्राण्यांच्या विभागात कॉन्ट्रॅक्टवर लागले. अनघाताई तिथे शास्त्रज्ञ. मूळच्या पुण्याच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण तू मला ताई म्हण. परदेशात आपलं माणूस आपणच." मला बरं वाटलं होतं. घरापासून इतक्या लांब कुणी ताई म्हणायला सांगितलं की माणूस विरघळतो.

माझं काम म्हणजे चिखल. जहाजाने खोल समुद्राचा तळ खरवडून आणलेला चिखल बादल्यांमधून यायचा. तो चाळायचा, धुवायचा, मग ताटलीत थोडा थोडा घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि चिमट्याने एकेक जीव वेगळा काढायचा. त्यातच मला तो कोळी दिसला. समुद्री कोळी हा घरात जाळं विणणारा कोळी नव्हे, त्याचं सगळंच और. त्याला धड अंगच नसतं. नुसते पाय. पोटातली आतडी मावत नाहीत म्हणून ती पायांत उतरलेली असतात. श्वास घ्यायचा तोही पायांच्या कातडीतून. आणि अंडी बाप सांभाळतो. पुढे दोन बारीक वेगळे पाय असतात, त्यांच्यावर अंड्यांचे गोळे चिकटवून तो हिंडतो.

या कोळ्याच्या त्या दोन पायांच्या टोकाला नखी नव्हती. त्याच्या जवळच्या सगळ्या जातभाईंना असते. ताई म्हणाल्या तुटली असेल. मी पुन्हा चिखलात बसले. आणखी कोळी मिळाले, लहान, मोठे, नर, माद्या. कुणालाच नखी नव्हती. तेव्हा विभागाचा प्रमुख ग्रॅहम, उंच, पांढऱ्या दाढीचा, मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढून म्हणाला, "हा नवा आहे. तू लिही याचं वर्णन. पहिलं नाव तुझं."

नव्या प्राण्याचं वर्णन छापून आलं की त्याच्या नावापुढे वर्णन करणाऱ्याचं आडनाव लागतं. पुढे शंभर वर्षांनी कुणी तो प्राणी पाहिला तरी ते दोन शब्द बरोबरच लिहिले जातात. पण मला शंभर वर्षांचं पडलं नव्हतं. मला पीएचडीची स्कॉलरशिप हवी होती. माझं कॉन्ट्रॅक्ट त्या वर्षाअखेर संपत होतं. स्कॉलरशिपसाठी स्वतःच्या नावाने छापलेला एक शोधनिबंध, पेपर, पाहिजे असं मला स्पष्ट सांगितलं गेलं होतं. तो पेपर म्हणजे हा कोळी. दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं.

मी त्याची चित्रं काढली. मायक्रोस्कोपला आरसा लावून कागदावर पडणारी त्याची सावली पेन्सिलीने गिरवायची, मग शाईने. एकेका पायाचा एकेक केस. मान धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं. वर्णन मी लिहिलं. ते करताना मी सुखी होते. हे मी कुणाला सांगत नाही, पण खरं आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाकडे तरी टक लावून बघत होते आणि 'काय बघतेस' असं मला कुणी म्हणत नव्हतं.

फॉर्मलिनचं म्हणाल तर ते असं झालं. एकदा ताईंच्या गाडीतून किनाऱ्यावर नमुने गोळा करायला जात होतो. लांबचा रस्ता. त्यांनी त्यांच्या आजीच्या मोदकांचं सांगितलं, माझ्या तोंडून आबांचं निघून गेलं. आबा सिव्हिलला पोस्टमॉर्टेमच्या खोलीत कामाला. मढी उचलायची, डॉक्टर सांगेल तिथे फाडायची, परत शिवायची, पायाच्या अंगठ्याला नावाची चिठ्ठी बांधायची. डॉक्टर दारात रुमाल धरून उभा. आबा घरी येऊन दोनदा अंघोळ करायचे तरी वास जायचा नाही. मी त्यांच्या कुशीत झोपायचे, तर माझ्या फ्रॉकलाही तोच वास.

"किती सोसलंस गं," ताई म्हणाल्या. माझा हात दाबला.

त्यानंतरच्या सोमवारपासून फॉर्मलिनमधले सगळे जुने नमुने धुवायचं काम माझ्याकडे आलं. आधी आम्ही पाळीपाळीने करायचो, कारण त्याने डोळे झोंबतात, घसा बसतो. आता ताई सगळ्यांना हसत सांगायच्या, "हिला चालतं." गोरी पोरं म्हणायची, "चिअर्स मेट, यू आर अ लेजंड." त्यांना काय माहीत? त्यांना वाटलं मला आवड आहे. मी धूत राहिले. ताईंच्या हातात माझं कॉन्ट्रॅक्ट होतं. दगडाखाली हात सापडला की ओरडायचंही जपूनच.

शाळेतही वासावरूनच सुरू झालं होतं. पाचवीत मला शेवटच्या बाकावर बसवलं होतं, खिडकीशी. "वारा लागू दे हिला," बाई म्हणायच्या. एक दिवस मला ताप होता. बाकावर डोकं ठेवून झोपले. जागी झाले ती वर्गाच्या हसण्याने. चपला काढलेल्या होत्या आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला दोऱ्याने कागद बांधला होता. वर माझं नाव, आडनाव. खाली बेवारस. वकिलाच्या मुलाचं अक्षर होतं, वर्गात सगळ्यात सुंदर. बाईंनी ते बघितलं. पदर तोंडाला लावला आणि खुद्कन हसल्या. मग म्हणाल्या, "पुरे आता, पुस्तकं काढा."

गाठ इतकी बारीक होती की मला सुटेना. तो कागद अंगठ्याला घेऊनच मी घरी गेले. आबांनी सोडली. त्यांना सोडता येत होती.

त्यामुळे जेव्हा ताईंनी एक दिवस सांगितलं, "ग्रॅहम आणि मी ठरवलंय, कोळ्याला तुझं नाव द्यायचं," तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल? मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आमच्यात नाव ही मोठी गोष्ट. चौकाला नाव लागावं म्हणून आमच्या वस्तीने दोन पिढ्या मोर्चे काढलेत. मी लगेच आईला फोन केला. धाकट्या भावाने ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत वस्तीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. माझा पासपोर्टवरचा फोटो, शेजारी आठ पायांचा कोळी, तोही गुगलवरून घेतलेला, घरात जाळं विणणारा, आणि वर, 'आमच्या अक्काचे नाव आता सातासमुद्रांच्या तळाशी'. आईने पेढे वाटले. आबांना दिसत नाही आता, त्यांना भावाने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मोठ्यांदा वाच."

एक गोष्ट आम्हा कुणालाच माहीत नव्हती. माझ्या अख्ख्या वस्तीला नव्हती, आणि इतकं शिकून मलाही नव्हती. ती केलीव्हिलच्या त्या शनिवारनंतरच्या सोमवारी कळली.

ग्रॅहमने बोलावलं होतं. टेबलावर एक छोटी काचेची बाटली, तिच्यात माझा कोळी. हाच पहिला नमुना, ज्याच्यावरून सगळं जग पुढे ताडून बघणार तो. ताई बसलेल्या. स्क्रीनवर पेपर उघडा. कोळ्याचं नाव, त्यात माझं आडनाव. त्याखाली लेखकांची नावं. दोन. ताई आणि ग्रॅहम.

"माझं नाव?" मी विचारलं.

ग्रॅहमला प्रश्नच कळला नाही. त्याने नावावर बोट ठेवलं. "हे काय."

"लेखक म्हणून."

तेव्हा त्याने समजावलं, एखाद्या पोराला समजावावं तसं, पण प्रेमाने. आपण ठेवलेल्या नावात आपलंच आडनाव घालायचं नसतं. नियमात बंदी नाही, पण फार वाईट दिसतं. आजवरची रीतच आहे. तेव्हा कोळ्याला तुझं नाव द्यायचं तर तू लेखक राहू शकत नाहीस. "इट्स जस्ट नॉट डन, मेट." त्याला वाटत होतं मला हे आधीच माहीत आहे. ताईंनी सांगितलंय, मी आनंदाने हो म्हटलंय.

मी ताईंकडे बघितलं. त्या चिमट्यात एक चिठ्ठी धरून होत्या. नखाएवढी, जाड कागदाची, तिच्यावर माझं आडनाव, आणि तिला ओवलेला पांढरा दोरा. बाटलीच्या गळ्याला बांधायची.

"ये, तूच बांध," त्या म्हणाल्या. "तुझा मान आहे."

माझा उजवा पाय बुटात आखडला. खरंच आखडला, मी काही सजवून सांगत नाही. शाळेतला तो दोरा मला अंगठ्याला जाणवला. आणि मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. ज्याच्यावर चिठ्ठी बांधतात तो बोलत नाही. त्याचं वर्णन दुसरे करतात. त्याला किती पाय, त्याला काय नाही, त्याचा वास कसा. मला बाटलीत घालून, वर मान म्हणून गाठही माझ्याच हाताने मारून घेणार होते.

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"कोळ्याला दुसरं काहीही नाव द्या. माझं नाव लेखकांत घाला. पहिलं. ठरलं होतं तसं."

ताई हसतच राहिल्या. ग्रॅहम समोर होता ना. हसत हसत, आवाज न चढवता, मराठीत म्हणाल्या,

"इथे तमाशा करू नकोस. तुमच्या लोकांना कितीही द्या, कमीच. कानामागून आली आणि तिखट झाली."

दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, धाकट्या बहिणीची समजूत घालतायत.

मी म्हणाले, "मॅडम, हे इंग्लिशमध्ये सांगा. ग्रॅहमला कळू दे."

ताई म्हणायचं त्या क्षणी संपलं. त्यांनाही ते कळलं. चेहरा पडला, पण क्षणभरच. मग त्या ग्रॅहमला म्हणाल्या, "शी इज अ बिट ओव्हरव्हेल्म्ड."

"त्या असं म्हणाल्या नाहीत," मी इंग्लिशमध्ये सांगितलं. "त्या म्हणाल्या, तुमच्या लोकांना कितीही दिलं तरी कमीच."

ग्रॅहमने कपाळाला आठ्या घातल्या. दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "पण तुम्ही दोघी एकाच लोकांतल्या आहात ना?"

बस. इथे माझी वाचा गेली. शेवटचा बाक, फ्रॉकचा वास, गावातलं घर कुठल्या अंगाला, डाव खाली ठेवणारा हात, हे सगळं इंग्लिशमध्ये कुठून सुरू करायचं? माझं इंग्लिश चांगलं आहे. कोळ्याच्या एकेका केसाचं वर्णन मी केलंय इंग्लिशमध्ये. पण हे कधी सांगितलंच नव्हतं. ग्रॅहम म्हणाला, "नो वरीज. वीकेंडपर्यंत विचार करा दोघी." आणि कॉफी आणायला गेला. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

पुढचं लवकर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. फंडिंग संपलं म्हणाले. मी वर तक्रार केली. एचआरच्या दोन बायकांनी ती फार गोडीने ऐकली, टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. निकाल आला तो असा की दोन सहकाऱ्यांमध्ये गैरसमज झाला, आणि तो अशा भाषेत झाला जी साक्षीदाराला येत नाही. ग्रॅहमने सांगितलं, जे मला कळलं नाही त्याबद्दल मी काय बोलू. त्याचंही बरोबरच. वाईट माणूस नाही तो. वाईट नसण्याने मला काडीचा उपयोग झाला नाही, एवढंच.

पेपर छापून आला. लेखक तेच दोन. कोळ्याला मॅडमनी त्यांच्या कुलदेवतेचं नाव दिलं; म्हणजे मला लेखक करायला आता ती रीतही आड येत नव्हती, तरी नाही. चित्रं माझी, रेघ न् रेघ माझी. शेवटी आभार मानलेत माझे, नमुने धुण्याबद्दल. स्कॉलरशिपवाल्यांनी कळवलं, यंदा नाही. पुढच्या वर्षीही नाही, कारण पुढच्या वर्षी मी काय दाखवणार?

भावाचा फोन आला. "अक्का, गुगलला टाकलं तर दुसरंच काहीतरी नाव येतंय."

मी सांगितलं त्याला. त्याने फोन आईला दिला. आई म्हणाली, "पेढे तर खाल्ले लोकांनी. आता काय ओकायला लावायचं?" फ्लेक्स अजून आहे. उन्हाने माझं तोंड उडालंय, कोळी तेवढा दिसतो. आबांना कुणी काही सांगितलेलं नाही. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून फ्लेक्स वाचायला लावतात.

मी सिडनीतच, गिरावीनला राहते. वसईची एक नर्स आणि मी, दोघी मिळून घर भाड्याने घेतलंय. जवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिफ्टला जाते. रक्ताच्या, लघवीच्या बाटल्या येतात, त्यांच्यावर लोकांच्या नावांची लेबलं चिकटवते. दिवसभर. मायक्रोस्कोप शेजारच्या खोलीत आहे. तिथे माझं काम नाही.

परवा त्या बँकेतल्या गृहस्थांचा मेसेज आला. तक्रारीचं त्यांच्या कानावर गेलं होतं. 'आपलेच दात, आपलेच ओठ. गोऱ्यांपुढे आपल्या माणसाची शोभा कशाला?' खाली जोडलेले हात. डेकवर मी त्यांचं माणूस नव्हते. तक्रार केली तशी आपली झाले.

वसईवालीला दाखवला मेसेज. ती म्हणाली, "काय उत्तर देणार आहेस?"

उत्तर त्यांना द्यायचं नाही. उत्तर जिथे अडलं होतं तिथे द्यायचं आहे. येत्या गुरुवारी दुपारी संग्रहालयात मॅडमचं व्याख्यान आहे, नव्या कोळ्यावर. सगळ्यांना खुलं. केलीव्हिलची मंडळी येणार, ग्रॅहम असणार. शेवटी प्रश्नोत्तरं असतात. मी शिफ्ट बदलून घेतलीय. पहिल्या रांगेत बसणार आहे. माझी चित्रं पडद्यावर येतील तेव्हा टाळ्या वाजवणार नाही. मग उभी राहणार आणि सांगणार, ही चित्रं माझी, हे वर्णन माझं, आणि माझं नाव इथे का नाही ते असं. 'युवर पीपल'पाशी या वेळी थांबणार नाही. जात हा शब्द इंग्लिशमध्ये मोठ्याने उच्चारणार, कुणाची ते सांगणार, माझी आणि त्यांची. आबांचं काम सांगणार, तो भाताचा डाव सांगणार. ती वाक्यं मी लिहून काढलीत. लेबलं चिकटवताना म्हणत असते. आता ती अडत नाहीत.

याने काही होणार नाही. कोळ्याचं नाव बदलत नसतं, एकदा छापलं की छापलं. माझी नोकरी परत येणार नाही. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे करेल, कुणीतरी वेळ संपली म्हणेल, आणि घरी जाताना गाडीत सगळे म्हणतील, बिचारीचं डोकं फिरलं. म्हणू देत. तुम्ही मराठीत हसून जे बोलता, ते मी यापुढे जिथे असेन तिथे इंग्लिशमध्ये, तोंडावर, सगळ्यांसमोर सांगेन. एकेक शब्द. तुमचं वर्णन आता मी करणार आहे.

आणि हे एवढं मराठीत लिहिलंय, ते मुद्दाम. गुरुवारी काय ऐकावं लागणार आहे, ते तुम्हाला आधीच कळलेलं बरं.